रंगाचे पिंप आणि शाळेचा तास

कापड रंगवायला, विणायला आणि शिवायला शिकवणाऱ्या जागा आपल्याकडे थोड्या नाहीत. आयटीआयमध्ये शिवणकामाचा वर्ग असतो, तालुक्याच्या गावी टेलरिंगचे क्लास चालतात, अहमदाबादेत १९६१ साली सुरू झालेली राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे, माटुंग्याला रंगांचे रसायनशास्त्र शिकवले जाते, केंद्र सरकारची विणकर सेवा केंद्रे आहेत. आणि या साऱ्यांच्या कितीतरी आधीपासून रंगाऱ्याचे, कोष्ट्याचे, शिंप्याचे घर ही शाळा चालूच आहे. एवढे असूनही २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशातल्या सुमारे ३५ लाख हातमाग कामगारांची नोंद झाली, त्यांत ७२ टक्के स्त्रिया निघाल्या, आणि विणकर कुटुंबांपैकी जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांचे महिन्याचे उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत असल्याचे दिसले. हे दारिद्र्य केवळ बाजाराने आणलेले नाही. त्यात शिक्षणाचाही वाटा आहे. वस्त्रकला शिकवताना आपण हाताचे काम एकाकडे सोपवले, त्या कामामागची कारणे दुसऱ्याकडे ठेवली, आणि काय करायचे व कितीला विकायचे हे ठरवण्याचा अधिकार तिसऱ्याला दिला. या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या ठायी आणणारे शिक्षण फार थोड्या ठिकाणी झाले. जिथे झाले तिथे काय घडले आणि जिथे झाले नाही तिथे का झाले नाही, याची तपासणी केल्याशिवाय अभ्यासक्रमांची भर घालत राहण्यात अर्थ नाही.

सुरुवात घरापासून करावी लागते, कारण या कलेचे सर्वांत सखोल शिक्षण तिथे झाले. कच्छमधल्या खत्री छापकारांचे अजरख हे ठशांनी छापलेले कापड घ्या. कापड आधी सोडा, एरंडेल आणि उंटाच्या लेंड्यांच्या पाण्यात मुरवून धुतात, मग हिरड्याच्या काढ्यात बुडवून पिवळट करतात. त्यावर चुना आणि डिंक यांच्या लुकणाने पांढऱ्या रेघा छापल्या जातात; जिथे रंग चढू द्यायचा नाही ती ही जागा. काळ्यासाठी भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात दिवसेंदिवस कुजवतात आणि ते पाणी चिंचोक्याच्या पिठाने दाट करून ठशाने उठवतात. लालासाठी छापायची ती तुरटी. ओली तुरटी कापडावर जवळजवळ दिसतच नाही. मग निळीत बुडवणे, धुणे, वाळवणे, आणि शेवटी मंजिष्ठेच्या किंवा अलिझारिनच्या कढईत उकळणे. त्या कढईत तुरटी होती तिथे लाल उमटतो, लोखंड होते तिथे काळा पक्का होतो. टप्पे चौदा ते सोळा. तुरटीचे पाणी पातळ झाले, हिरडा कमी पडला किंवा मधल्या धुण्यात घाई झाली, तर चूक तिथल्या तिथे कळत नाही. ती कळते आठ-दहा पायऱ्यांनंतर, लाल फिका आल्यावर. म्हणजे शिकणाऱ्याने केलेले काम बरोबर की चूक हे त्या दिवशी शिक्षकालाही सांगता येत नाही. चाळीस मिनिटांच्या तासात, किंवा शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत, हे शिकवता येणारच नाही. घरात येत होते, कारण घरात शिकणारा मुलगा तुरटी छापतानाही हजर होता आणि कढई उतरवतानाही.

निळीचे पिंप याहून कठोर शिक्षक आहे. निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा धाग्याला धरत नाही. चुन्याने अल्कधर्मी केलेल्या पाण्यात जिवाणूंनी त्याचे क्षपण केले की तो पिवळट हिरवा होऊन विरघळतो, धाग्यात शिरतो, आणि कापड बाहेर काढून हवा लागली की डोळ्यांदेखत हिरव्याचा निळा होतो. दक्षिणेकडच्या रंगाऱ्यांनी या जिवाणूंना खाद्य म्हणून टाकळ्याचे उकडलेले बी वापरले. पावसाळ्यात कोकणात रस्त्याकडेला माजणारा आणि भाजीला खुडला जाणारा तोच टाकळा, विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात. पिंप चालू आहे की झोपले आहे हे ओळखायचे ते वासावरून, वरच्या फेसाच्या तांबूस झाकेवरून, बोट बुडवून पाहिलेल्या पाण्याच्या रंगावरून. थंडीत ते मंदावते, चुना जास्त झाला तर बसते, रोज जास्त कापड बुडवले तर दमते. गडद निळा एका बुडीत मिळत नाही. पुन्हा पुन्हा बुडवून, प्रत्येक वेळी हवा देऊन थरावर थर चढवावा लागतो. हे ज्ञान गूढ मात्र नाही. प्रत्येक खुणेमागे कारण आहे आणि ते सांगता येते. घराण्यातल्या शिक्षणाची उणीव नेमकी इथे होती. कारण क्वचितच सांगितले जाई, ज्याच्या घरात जन्म नाही त्याला तर नाहीच, आणि बऱ्याच घरांत मुलींनाही नाही, कारण त्या लग्न होऊन दुसरीकडे जाणार.

कारणे गेली प्रयोगशाळेत. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला, १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेतले अलिझारिन प्रयोगशाळेत बनवले, आणि १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली. पुढच्या काही दशकांत भारतातली निळीची शेती जवळजवळ संपली. मुंबईत १८८७ साली स्थापन झालेली आजची व्हीजेटीआय गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ घडवत होती. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला तेव्हा त्याच्या पहिल्या दोन शाखांपैकी एक वस्त्ररसायनाची होती. तिथले पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन यांच्या कृत्रिम रंगांवरच्या ग्रंथाचे पहिले खंड १९५२ साली निघाले आणि जगभर प्रमाण मानले गेले. ही मोठी विद्या आहे आणि तिचा अभिमान वाटायला हवा. पण ती गिरणीकडे गेली, रंगाऱ्याच्या पिंपाकडे वळली नाही. सोलापूर, इचलकरंजी, मालेगावच्या रंगखान्यांत पुड्यातला रंग आला, त्यासोबत डाय-मास्टरची चिठ्ठी आली. किती ग्रॅम रंग, किती मीठ, किती सोडा. मीठ कशाला आणि सोडा नंतरच का टाकायचा, हे पिंपात हात घालणाऱ्याला कोणी सांगितले नाही. १९५६ नंतर आलेले रिॲक्टिव्ह रंग सोड्याच्या सान्निध्यात सुताशी रासायनिक बंधच जोडतात, म्हणून सोडा आधी पडला तर रंग पाण्याशीच संयोग पावून वाया जातो आणि गटारात जातो. एवढे वाक्य शिकवले असते तर रंगही वाचला असता आणि गावाचा ओढाही.

शिवणाची कहाणी वेगळ्या वाटेने गेली, पण पोचली तिथेच. रमाबाई रानड्यांचे पुण्याचे सेवासदन १९०९ चे, कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ चे, त्याआधी केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन. या संस्थांनी निराधार आणि विधवा स्त्रियांच्या हाती जी कामे दिली त्यांत शिवण ठळक होते, आणि त्या काळी ते क्रांतिकारक होते: घराबाहेर पडायची मुभा नसलेल्या बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे. त्या कामाला कमी लेखण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. खंत आहे ती पुढच्या शंभर वर्षांची. शिवण म्हणजे बाईला देण्याजोगा सोयीचा आधार, एवढ्यावरच विचार थांबला. मशीन वाटण्याच्या योजना येत राहिल्या, वाटलेल्या मशीनवर काय शिवायचे याची चौकशी फारशी झाली नाही. आजच्या कौशल्य प्रमाणपत्रांत शिवणयंत्र चालवणारी कामगार आणि स्वतःचा व्यवसाय करणारी शिंपीण अशा दोन वेगळ्या भूमिका आहेत. पहिलीला तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलर, खिसा किंवा बाही यांपैकी एकच टप्पा दिवसभर शिवायचा असतो आणि तिच्या प्रशिक्षणाचा भर वेगावर असतो. कारखान्याला वेग हवा हे खरे, पण वेग म्हणजे शिक्षण नव्हे. शाळेतला कार्यानुभवही याहून दूर नाही. एका चौकोनी कापडावर धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, फुली टाका असे नमुने घालायचे, वहीत चिकटवायचे, गुण घ्यायचे. कुठला टाका कुठल्या ताणाला टिकतो, सुती लुगड्यावर कुठला आणि घोंगडीवर कुठला, हे त्या वहीत नसते, कारण तिथले कापड कशाच्याही उपयोगाचे नसते.

त्या वहीच्या शेजारी गोधडी ठेवून पाहावी. जुनी लुगडी, धोतरे, फाटलेल्या सदऱ्यांची पाठ यांचे थर, आणि त्यांतून आरपार जाणारा धावदोरा. टाका साधा, सहा वर्षांच्या मुलीलाही घालता येईल असा. पण थर सुरकुतू न देता तो हजारो वेळा घालायचा, विरलेल्या जागी दाट आणि धड जागी विरळ, यात सगळी अक्कल आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी तर रचनेचा पाठच आहे. या आफ्रिकी वंशाच्या समाजाची बोली कोकणीच्या जवळची, तिच्यात मराठी-कन्नडही मिसळलेली. कवंदी कडेपासून सुरू होते. एका कोपऱ्यातून निघून शिवणारी चारी कडांनी फिरत आत आत सरकते, जाताना एकेक तुकडा काठ मुडपून जोडत जाते, आणि मधोमध पोचते तेव्हा काम संपते. आधी चित्र काढून ते भरणे नाही. शेजारच्या तुकड्यावर पुढचा कुठला बसेल हे सुई चालत असतानाच ठरते. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुले लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. रचना करणारी, शिवणारी आणि वापरणारी बाई इथे एकच आहे. वस्त्रशिक्षणात आपण जे तोडले ते मुळात अखंड कसे होते, याचा पुरावा संग्रहालयात शोधावा लागत नाही. तो बऱ्याच घरांत अजून अंथरलेला असतो. या स्त्रियांची बचत गटांत गणना होते, कलाशिक्षक म्हणून त्यांना कोणी वर्गात बोलावत नाही.

हाताला आणि बुद्धीला जोडायचा सर्वांत मोठा प्रयत्न आपल्याच वर्ध्यात झाला. ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून सर्व विषय शिकवण्याची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. टकळीवर सूत काढताना तार, लटी, गुंडी या मापांत ते मोजत अंकगणित शिकायचे, कापसाच्या बोंडातून शेती आणि भूगोल शिकायचा, धाग्याचा पीळ समजून घेताना पदार्थविज्ञान. सेवाग्रामला हे काही काळ मनापासून चालले. ही ‘नई तालीम’ पुढे का मावळली याची राजकीय आणि सामाजिक कारणे अनेकांनी लिहिली आहेत. पांढरपेशा पालकांना आपल्या मुलांनी चरखा चालवणे नको होते, आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्च भागवण्याच्या कल्पनेला बालमजुरीचा वास येतो हा आक्षेप त्याच काळात घेतला गेला. तो आक्षेप योग्यच होता. मला मात्र आणखी एक कारण महत्त्वाचे वाटते. मूल सूत काढत होते, पण त्या सुताचे काय करायचे हे ठरलेलेच होते. कुठला रंग, कुठली वीण, कोणासाठी, या निवडीचा भाग फार थोडा होता. सूत काढणे हे वस्त्रकलेतले सर्वांत एकसुरी काम, आणि नेमके तेच केंद्रस्थानी आले. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये कार्यानुभव सुचवला, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य आणले. नावे बदलत गेली आणि शेवटी उरली ती चिकटवलेल्या नमुन्यांची वही.

दुसरा प्रयत्न उलट बाजूने झाला. १९५६ मध्ये पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रे निघाली आणि त्यांत चित्रकारांना नोकऱ्या मिळाल्या. के. जी. सुब्रमण्यन मुंबईच्या केंद्रात होते, आपले प्रभाकर बरवे बनारसच्या आणि मग मुंबईच्या केंद्रात. बरवे यांच्या चित्रांतला मोकळा अवकाश आणि वस्तूंची सुटी मांडणी बघताना त्यांच्या या नोकरीचा विचार समीक्षकांनी करायला हवा तितका केलेला नाही, असे मला वाटते. मुंबईच्याच मोनिका कोरिया यांनी मागावर काम करता करता फणी मध्येच काढून घेण्याची सोय केली, म्हणजे ताण्याचे धागे सुटून आपल्या चालीने वाहू लागतात. ही कल्पना कागदावर सुचणारी नाही, ती मागावर बसलेल्यालाच सुचते. सुब्रमण्यन यांच्या बडोद्यातल्या विद्यार्थिनी मृणालिनी मुखर्जी यांनी रंगवलेल्या अंबाडीच्या दोरांना गाठी मारत माणसाहून उंच शिल्पे उभी केली. या उदाहरणांतून एक गोष्ट सिद्ध होते: कलावंताचा हात द्रव्यात गेला की कला बदलते. उलटी गोष्ट मात्र झाली नाही. केंद्रातला विणकर उत्तम विणकरच राहिला. आराखडा चित्रकाराचा, त्याबरहुकूम विणणे विणकराचे, आणि नमुन्याखाली नाव लागले तर तेही बहुधा चित्रकाराचेच.

ही वाट उलटी फिरवण्याचा पद्धतशीर प्रयोग कच्छमध्ये झाला. रबारी भरतकामाच्या अभ्यासक जुडी फ्रेटर यांनी १९९१ पासून कलारक्षा संस्थेत काम करताना पाहिले की भरतकाम करणाऱ्या स्त्रियांना दलाल कापड कापून, नक्षी आखून, दोरे निवडून देतात. बाईने फक्त टाके घालायचे आणि टाक्यांवर मजुरी घ्यायची. २००५ मध्ये त्यांनी कारागिरांसाठी डिझाइनची शाळा काढली, कलारक्षा विद्यालय. २०१४ पासून तेच काम आदिपूरला सोमैया कला विद्या ही संस्था करते. वर्षभरात दोन-दोन आठवड्यांचे सहा वर्ग: रंग, मूलभूत रचना, बाजार, संकल्पना, सफाई, मांडणी. मधल्या काळात शिकणारा आपल्या घरी, आपल्या मागावर किंवा पिंपावर गृहपाठ करतो. टाका किंवा ठसा त्याला आधीच येतो, तो शिकवायचा नसतो. शिकवायचे ते निवडायला, आणि निवडीचे कारण सांगायला. हे वेळापत्रकच मला त्या शाळेचे खरे कर्तृत्व वाटते. वर्ग छोटे, मधले अंतर मोठे, म्हणजे आठ पायऱ्यांनंतर कळणारी चूक कळायला अवसर आहे. पुढे कच्छच्या विणकरांनी बागलकोटकडच्या विणकरांना शिकवले. महाराष्ट्रात घरोघरी नेसल्या गेलेल्या इरकलीचा हा मुलूख. कारागीर कारागिराला डिझाइन शिकवतो आहे, आणि आज तरी मला यापेक्षा आशादायक गोष्ट या क्षेत्रात दिसत नाही.

कच्छचे यश जसेच्या तसे उचलून येवल्याला किंवा नागपूरच्या कोष्टी वस्तीत लावता येणार नाही, असे कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. तिथे पर्यटक येतात, परदेशी ग्राहक येतात, देणगीदार आहेत. त्याहून जुना आक्षेप असा की ही कला रक्तात असते, शाळेत येत नाही. हा दुसरा आक्षेप मात्र कच्छच खोडून काढतो. तिथल्या धमडका गावातल्या खत्री घराण्यातही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुड्यातले रंग शिरले होते आणि वनस्पतींच्या रंगांची रीत मागे पडली होती. १९७० च्या दशकात मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी ती जाणूनबुजून परत आणली आणि मुलांना शिकवली. रक्ताने जे टिकवले नव्हते ते शिकवण्याने टिकले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यातले लोह वाढले. लोहाने लाल मळतो आणि सगळे रंग काळवंडतात. सिद्दीक यांचे पुत्र इस्माईल खत्री आणि इतरांनी मिळून भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले. पाण्यात लोह वाढल्याने रंग का बिघडतो हे ज्याला कळते, तोच असा निर्णय घेऊ शकतो. ज्याला फक्त कृती पाठ आहे तो नशिबाला बोल लावत बसतो. जातीत बंद राहिलेली विद्या पाणी बदलले, बाजार बदलला, मुले शहरात गेली की एका पिढीत जाते. भावसार, निराळी, रंगारी या आपल्याकडच्या आडनावांत आणि जातिनामांत रंगकाम उरले आहे, पण किती घरांत पिंप उरले आहे? ज्यांच्याकडे ते उरले त्यांना मानाने शिक्षक करावे आणि वर्गाचे दार कोणत्याही जातीच्या मुलामुलीला उघडे ठेवावे, यात मला विरोध दिसत नाही.

याहून अवघड आक्षेप असा की संस्था आली की सरसकटपणा येतो. सहा वर्गांतून बाहेर पडणाऱ्यांचे काम एकमेकांसारखे दिसू लागते, शहरी ग्राहकाला रुचणारे फिके रंग आणि मोकळ्या जागा सगळीकडे येतात, आणि रबारी बाईने स्वतःच्या लेकीसाठी भरलेल्या चोळीतली दाटी नाहीशी होते. हा धोका खरा आहे आणि त्याला पुरते उत्तर माझ्याकडे नाही. इतकेच म्हणता येते की दलालाने आखून दिलेल्या नक्षीत तो धोका याहून मोठा होता, आणि निदान आता निवडणारी व्यक्ती तीच आहे जिला त्या दाटीचा अर्थ ठाऊक आहे. वनस्पतींच्या रंगांबद्दलच्या भाबडेपणाबाबत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्याच बाजूला आहे. बंगालमधला १८५९-६० चा शेतकऱ्यांचा उठाव आणि १९१७ चे चंपारण ज्या निळीविरुद्ध झाले ती वनस्पतीचीच होती. क्रोमियमचे क्षार रंगबंधक म्हणून वापरणारा ‘नैसर्गिक’ रंगही विषारीच. उलट १९९० च्या दशकात जर्मनीने आणि भारतानेही घातक ॲझो रंगांवर बंदी आणली, ती कृत्रिम रंगांची रचना नेमकी माहीत होती म्हणून आणता आली. वर्गात दोन्ही पिंपे शेजारी हवीत. मंजिष्ठा आणि रिॲक्टिव्ह लाल यांची तुलना करणारा विद्यार्थी रसायनशास्त्रही शिकतो आणि जाहिरातीला बळीही पडत नाही.

पोटापाण्याचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. शिंपी आहे, परीट आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे, पण कापड रंगवणारा रंगारी नाही. शिंप्याला मूलभूत प्रशिक्षण मिळते ते पाच ते सात दिवसांचे, दिवसाला पाचशे रुपये भत्ता आणि अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत. मदत स्वागतार्ह आहे. पाच दिवसांत मात्र मशीनची ओळख होईल, कापड बेतण्याची नजर येणार नाही. शिवाय पोटाचा प्रश्न केवळ बनवणाऱ्याच्या शिक्षणाने सुटत नाही, विकत घेणाऱ्याचेही शिक्षण लागते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी यंत्रमागावरची नक्कल बाजारात राजरोस विकली जाते. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच सफाईदार असते, कारण प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या जागी अडकवून वळवलेला असतो. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. स्क्रीनवर छापलेल्या नकली अजरखची मागची बाजू फिकी असते. शाळेत ज्याने चार दिवस धागा हाताळला त्याला हे कोणी सांगावे लागत नाही. दहावीपर्यंत प्रत्येक मुलाला वस्त्रकलेशी थोडी ओळख करून देण्याचा सर्वांत मोठा फायदा इथे आहे. त्यातले फार थोडे विणकर होतील. बाकीचे विणकराच्या कामाची किंमत ओळखणारे ग्राहक होतील.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्यासाठी. ते सलग घेतले तर सहल होईल. वर्षभर विखुरले तर पिंप समजेल. जून-जुलैत टाकळा ओळखून ठेवायचा आणि पावसाळा सरताना त्याच्या शेंगा गोळा करायच्या. दसऱ्यानंतर झेंडूच्या टाकून दिलेल्या माळा उकळून एकाच कापडाचा अर्धा भाग तुरटीत आणि अर्धा लोखंडाच्या पाण्यात भिजवून रंगवायचा, म्हणजे एका फुलातून पिवळा आणि हिरवट काळपट असे दोन रंग का निघतात हा प्रश्न मुलेच विचारतील. हिवाळ्यात घरून आणलेल्या जुन्या कापडांचा एक थर गावातल्या गोधडी शिवणाऱ्या बाईंच्या हाताखाली घालायचा, आणि त्या बाईंना शिक्षकाइतके मानधन द्यायचे. हिरडा तर जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबे पिढ्यानपिढ्या गोळा करतात. तो औषधाच्या बाजारात जातो, शाळेच्या प्रयोगशाळेत येत नाही. पैशाची अडचण इथे दुय्यम आहे. खरी अडचण वेळापत्रकाची आणि परीक्षेची. या विषयाचे गुण नमुन्यांच्या वहीवर न देता रंगवलेल्या तुकड्यांच्या नोंदवहीवर द्यावेत, आणि तिच्यात बिघडलेले तुकडेही लावलेले असावेत, प्रत्येकासमोर काय चुकले असावे याचा विद्यार्थ्याचा अंदाज आणि पुढच्या वेळी काय बदलले त्याची ओळ. वरच्या वर्गांत आणि आयटीआयमध्ये याला एक पान आणखी जोडावे लागेल: एका वस्तूला लागलेले कापड, रंग, सरपण, पाणी आणि तास यांचा हिशेब, त्यावरून लावलेला भाव, आणि तोंडी परीक्षेत तो भाव परीक्षकाला पटवून देणे.